लिटरला वीस

माझ्या आईला एकच भाऊ. तो धडधाकट होता, आमच्या चामोर्शीपासून जीपने अर्ध्या तासावर राहत होता, आणि तरीही आईने लागोपाठ दोन भाऊबिजांना चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं अशी रीत आहे. आई तबक घेऊन अंगणात उभी राहिली की शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणत, "अवो, तुमाले भाऊ तं हाय ना?" आई म्हणे, "हाय. चंद्रापेक्षा दूर हाय." मग घरात येऊन ती माझ्या वडिलांसमोर ते तबक असं आपटे की निरांजनातलं तेल त्यांच्या तपासायच्या पेपरांवर उडे.

मामा आणि आमचं दार यांच्यामध्ये एक आकडा आडवा पडला होता. वीस.

वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. नव्वदचं दशक सरता सरता त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली. मास्तराच्या अंगणात चारचाकी, ही तेव्हा आमच्या गावात बातमी होती. लोक मुद्दाम बघायला येत. गाडीबरोबर कंपनीची एक गुळगुळीत पुस्तिका आली होती आणि तिच्यात छापलं होतं की ही गाडी एका लिटरमध्ये वीस किलोमीटर जाते. वडिलांनी ती पुस्तिका पोथीसारखी वाचली, आम्हालाही वाचून दाखवली. आमच्याकडे नवी गाडी बघायला आलेला माणूस रंग बघत नाही, काचा बघत नाही. तो टायरला एक हलकी लाथ मारतो आणि विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती?" वडील छाती काढून म्हणत, "वीस." गाडी तेव्हा अंगणातून बाहेरही पडली नव्हती.

मामा पोळ्याला आला तेव्हा त्यानेही टायरला लाथ मारली. त्याची स्वतःची एक जुनी डिझेल जीप होती. आठवडी बाजाराची माणसं, कोंबड्या, तांदूळ, सुकी मासोळी, सगळं तो त्या जीपमध्ये कोंबून न्यायचा, त्यामुळे गाड्यांतलं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. वीस ऐकून तो हसला.

"भाऊजी, हे पुस्तकातलं अ‍ॅव्हरेज हाय. पुस्तकातली म्हैसही रोज बारा लिटर देते. रस्त्यावर ही गाडी बाराच्या वर गेली तं माही मिशी काढून देईन."

मामाला मिशी म्हणावी अशी मिशी नव्हतीच, म्हणजे तो फारसं काही पणाला लावत नव्हता. पण वडिलांना झोंबलं. "छापलेलं खोटं असतं काय?" ते म्हणाले.

"छापलेलंच खोटं असते. बोललेलं तरी माणूस कधी कबूल करते."

पुढ्यात पुरणपोळ्या वाढलेल्या. दोघांपैकी एकाने जरी घास घेतला असता तरी तोंड बंद झालं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, इथपासून तुमच्या खानदानाला हिशेबच कळत नाही, इथपर्यंत गाडी गेली. शेवटी मामा पानावरून उठला. "ज्या दिवशी ही वीस देईन, त्या दिवशी या घरात पाय ठेवीन. तवरीक नाई." वडील म्हणाले, "तोवर मीही बोलावणार नाही." आई स्वयंपाकघरात होती. तव्यावरची पोळी जळल्याचा वास आला तेव्हा आम्हाला कळलं की तिने सगळं ऐकलं.

शेताच्या धुऱ्यावरून भांडणारे भाऊबंद मी खूप पाहिलेत. एक वावर, दोन वावरं, काहीतरी हाताला लागणारं असतं. एका लिटर पेट्रोलवरून नातं तोडणारे दोन शहाणे मात्र आमच्याच घरात निघाले. मला अजूनही आठवलं की संताप येतो. मी तेव्हा गडचिरोलीला कॉलेजात होते, तोंडाने फटकळ होते. आईला म्हटलं, "तूच जा ना त्याच्याकडे." तर ती म्हणाली, "भाऊबिजेले भाऊ येते. बहीण जात नाई." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि हा पीळ तर दोघा भावाबहिणींचा एकाच दोरीतला होता.

तर गाडी वीस द्यायला हवी होती. ती देत नव्हती.

ती देणार कशी? आमच्या भागात एक नियम आहे, तो कुठेही छापलेला नाही म्हणून मामाच्या हिशेबानेही खरा. रस्त्यावर ओळखीचा माणूस उभा असताना रिकामी सीट घेऊन पुढे जायचं नाही. तसं दोघंच जातात, ज्याचं डोकं फिरलंय तो आणि ज्याच्या घरी मयत झालंय तो. आणि वडील मास्तर, म्हणजे त्यांना अनोळखी माणूसच नाही. गडचिरोलीला जायला एकटे निघाले तरी पोचेपर्यंत गाडीत एक माजी विद्यार्थी, त्याची बायको, बायकोच्या मांडीवर पोर, पोराच्या मांडीवर कोंबडी असायची. कोणी म्हणे, "सर, जरासं आतल्या गावात सोडा." ते जरासं म्हणजे जंगलातून बैलगाडीच्या चाकोरीने दोन नाले ओलांडून. परतताना सीटखाली मोहफुलांची पिशवी निघायची, ती कोणाची ते कोणालाच माहीत नसायचं. मार्कंड्याच्या जत्रेला एकदा आमच्या गाडीत इतकी माणसं बसली की वडिलांना गिअर टाकायचा असला की मधल्या म्हातारीला, "बाई, पाय उचला," म्हणावं लागे.

टाकी भरली की वडील भागाकार करायचे. बारा. कधी साडेअकरा. जत्रेच्या वेळी दहा आले तेव्हा ते जेवले नाहीत. पण हार मानली नाही. "ही चाचणी ग्राह्य नाही," ते म्हणायचे. कधी वारा उलटा होता म्हणून ग्राह्य नाही, कधी रस्त्यात म्हशी बसल्या होत्या म्हणून, एकदा तर मागच्या सीटवर पाहुणे जोरजोरात हसत होते म्हणून. हसण्याने पेट्रोल जास्त जळतं हे विज्ञान मला त्या दिवशी कळलं.

मग तिसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता आईला हिवताप झाला. आमच्याकडे हिवताप म्हणजे पाहुणाच, दरवर्षी येतो, पण तेव्हा जरा जास्तच मुक्काम केला. वडिलांनी तिला मागच्या सीटवर झोपवून, पांघरूण घालून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या रस्त्याने ते पाहिलं. मामाने पाहिलं. त्याचं गाव त्याच रस्त्यावर, त्याची जीप तिथल्या फाट्यावरच उभी असायची. आई बरी होऊन संध्याकाळच्या अंधारात परत आली, ते मात्र कोणी पाहिलं नाही. मामाने कोणाकडून तरी निरोप पाठवून विचारलं, कशी आहे. स्वतः आला नाही.

आईने तो निरोप ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तापात ती रडली नव्हती, तेव्हा रडली.

दिवाळी जवळ आली तशी ती एका सकाळी वडिलांच्या समोर येऊन उभी राहिली. "या दिवाळीले मले माहा भाऊ पाहिजे. गाडी वीस देऊन राह्यली म्हणून सांगून द्या त्याले. तुमचं का जाते?"

"खोटा आकडा माझ्या तोंडून निघणार नाही."

"मंग खरा काढा. नाईतर गाडी विका."

गाडी विका म्हटल्यावर वडील त्याच आठवड्यात चंद्रपूरला शोरूममध्ये गेले, मला बरोबर घेऊन. तिथे एक टाय लावलेला मुलगा होता. वडिलांनी त्याच्यापुढे ती पुस्तिका उघडून ठेवली आणि त्याने वीसच्या डोक्यावरची बारीकशी चांदणी बोटाने दाखवली. ती चांदणी आमच्यापैकी कोणालाच आजवर दिसली नव्हती. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीत.

मुलाने घाम पुसत समजावून सांगितलं. ती चाचणी रस्त्यावर होतच नाही. बंद खोलीत, लोखंडी रुळांवर गाडी जागच्या जागी पळवतात. वारा नाही, खड्डा नाही. गाडीत फक्त चालक आणि फार तर एका माणसाएवढं वजन. काचा बंद. वेग बेताचा आणि एकसारखा, ब्रेक शक्यतो नाहीच. "सर, रोजच्या वापरात तेवढं कोणालाच मिळत नाही," तो बिचारा म्हणाला.

कोणाही बऱ्या माणसाने इथे कपाळावर हात मारला असता. वडिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे दोष गाडीचा नाही, परिस्थितीचा आहे," ते परतताना म्हणाले. "आणि परिस्थिती निर्माण करता येते."

चामोर्शी ते गडचिरोली या रस्त्यावर बंद खोलीतली परिस्थिती निर्माण करायची, असं त्यांनी ठरवलं. गावच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, कुठेही न थांबता गडचिरोलीपर्यंत जायचं, तसंच वळून परत यायचं, पुन्हा काठोकाठ भरायची. मधे ब्रेक नाही, हॉर्न नाही, कोणाला बसवणं तर नाहीच. त्यांनी गाडीतून सतरंजी काढली, छत्री काढली, पुढे लटकवलेलं लिंबू आणि मिरच्या काढल्या. टायरात हवा दगडासारखी भरून घेतली. वजन कमी व्हावं म्हणून आदल्या रात्री जेवले नाहीत. आई म्हणाली, "तुमच्या पोटात असं कितीक वजन मावते?" पण त्यांनी ताकावर भागवलं.

राहिलं ते एका माणसाएवढं वजन. शाळेतले एक सर यायला तयार होते, पण वडिलांनी नको म्हटलं. माणूस बोलतो, थुंकायचं म्हणून काच उघडतो आणि रस्त्यात कोणी दिसलं की, "घ्या नं त्यालेही," म्हणतो. तेव्हा घरातलं तांदळाचं पोतं न्यायचं ठरलं. ते मागच्या सीटवर आडवं ठेवलं. सीटला कोंडा लागेल म्हणून आईने पोत्याला पांढरी चादर गुंडाळली, चादर सुटू नये म्हणून दोन ठिकाणी सुतळीने बांधली, आणि लोळू नये म्हणून एका टोकाखाली उशी दिली.

मी जरा लांब उभी राहून बघितलं. "आई, हे कसंतरीच दिसतंय."

"तांदळाले कोण पाहाले येते?" ती म्हणाली आणि भाजी चिरायला आत गेली.

रस्त्यावर काय झालं ते आम्हाला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. जाताना लोकांनी पाहिलं की सर एकटेच आहेत, काचा बंद, तोंड घट्ट मिटलेलं, नजर समोर आणि मागे पांढरं गुंडाळलेलं कोणीतरी झोपलंय. हात केला तर थांबले नाहीत. हाक मारली तर ओ दिली नाही. लोक म्हणाले, मास्तरीणबाईंचा ताप उलटला, दवाखान्यात नेऊन राह्यले. इथवर ठीक होतं. पण थोड्या वेळाने तीच गाडी तशीच, त्याच वेगाने परत आली. मागचं माणूस तसंच आडवं. आता सर घाई करत नव्हते की थांबतही नव्हते. एका पानठेल्यावाल्याने तर नंतर शपथेवर सांगितलं, "जातानी थोडंसं हालत होतं. येतानी नाई हाललं."

येताना फाट्यावर मामा रस्त्यात आला होता. जाताना त्याने तोंड फिरवलं होतं, पण येताना ती पांढरी चादर बघून तो धावत रस्त्याच्या मधोमध आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने आमच्या गाडीला हात केला. वडिलांना वाटलं, हा मुद्दाम ब्रेक मारायला लावून चाचणी बिघडवतोय. त्यांनी हलकेच स्टिअरिंग फिरवलं आणि त्याच्या बाजूने गाडी काढून घेतली. ब्रेकला पाय लावला नाही. याचा त्यांना त्या क्षणी अभिमान वाटला होता.

गावच्या पंपावर आले तर लाईट गेलेली. भारनियमन. पंप बंद, जनरेटर बिघडलेला. टाकी भरल्याशिवाय भागाकार होणार नाही आणि गाडी सुरू करून घरी नेली तर हिशेब नासणार. वडील गाडीतच बसून राहिले. ऊन तापलं होतं, आदल्या रात्रीपासून पोट रिकामं होतं, म्हणून त्यांनी डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. येणाऱ्याजाणाऱ्याने ते पाहिलं. मागची चादर पाहिली. आणि आपल्याकडे अशा वेळी कोणी काही विचारत नाही. माणूस येतो, बाजूला बसतो, बस.

घरी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आधी शेजारच्या काकू आल्या. बाजारातून त्या रडतच निघाल्या होत्या आणि मागच्या दाराने, "माय वो, कशी सोडून गेली वो," असा गळा काढत स्वयंपाकघरात शिरल्या. आई विळीवर वांगी चिरत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "कोण गेलं?"

काकूंनी जी किंकाळी फोडली ती मला वाटतं वैनगंगेच्या पलीकडे ऐकू गेली असेल.

त्यांना पाणी देतो न देतो तोच दुसऱ्या आल्या, मग तिसऱ्या, मग रस्त्यावरच्या गावांमधली माणसं यायला लागली, कोणी सायकलवर, कोणी एसटीने. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कोणी भात आणला होता, कोणी पिठलं, कोणी भाकरी बांधून. जो तो दारात आईला बघून आधी घाबरायचा, मग हसायचा, मग मागून येणारा कसा घाबरतो ते बघायला ओट्यावर बसून घ्यायचा. जंगलाकडच्या एका गावातून वडिलांचे एक जुने स्नेही तिरडीसाठी हिरवेगार बांबू खांद्यावर टाकून आले होते. आईला बघून त्यांना आनंद झाला, पण पूर्ण झाला नाही.

"वयनी, जिती हाव तं चांगलंच हाय," ते म्हणाले, "पण हे बांबू आता कुठी नेऊ? गार्डानं पाह्यलं तं मले पकडन. मयताचे हाय म्हणून सांगितलं होतं त्याले."

"ठेवा परसात," आई म्हणाली. "वालाचा मांडव करतो."

तिला सगळी गंमत वाटत होती. हसून हसून खोकला लागला. येईल त्याला चहा देत होती आणि विचारत होती, "सांगा नं, कशी होती मी? चांगली होती का?" लोक सांगत, फार चांगल्या होत्या बाई. फक्त अधूनमधून ती गडचिरोलीच्या रस्त्याकडे बघायची. कोण कोण आलं आणि कोण नाही आलं, हे तिला दिसत होतं.

मी वडिलांना सांगायला पंपाकडे निघणार तोच ते आले. गाडी बंद होती, इंजिनाचा आवाज नव्हता. पंचवीस-तीस माणसं ती ढकलत होती. पुढे दोन म्हातारे टोप्या काढून चालत होते. पंपावर एका वडीलधाऱ्याने न राहवून म्हटलं होतं, "सर, घरी न्या आता. आमी नेतो." वडिलांनी विचार केला, ढकलल्याने पेट्रोल जळत नाही, ढकललेलं अंतर वजा करता येईल, लाईट आली की ढकलतच परत. ते हो म्हणाले. बाजारातून जाताना दुकानदारांनी शटर अर्धी खाली ओढली. आपल्या प्रयोगाचं महत्त्व अखेर गावाला पटलं असं वाटून वडिलांचे डोळे भरून आले. ते बघून ढकलणारेही रडायला लागले.

दारात गाडी थांबली आणि आई चहाची किटली घेऊन बाहेर आली. "एवढा उशीर काऊन केला वो?" तिने वडिलांना विचारलं.

ढकलणारे जे पळाले! एक नालीत पडला. टोपीवाले दोन्ही म्हातारे एकमेकांना धरून रामराम म्हणायला लागले. सोडलेली गाडी उताराने मागे घरंगळायला लागली आणि वडिलांना कचकन ब्रेक दाबावा लागला. त्या सबंध दिवसातला तो पहिला. "अरे, धरा! ब्रेक लागला! ब्रेक लागला!" ते ओरडत होते, आणि लोकांना कळेना की बायको उठून उभी राहिलीय ते सोडून हा माणूस रडतोय कशासाठी.

मग कोणीतरी धीर करून चादर सोडली. आत तांदूळ. त्यानंतर आमच्या अंगणात जे हसणं सुरू झालं तसं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं नाही. नालीत पडलेला माणूस चिखलानिशी हसत होता. वडील एकटे उभे राहून समजावून सांगत होते की वजन आवश्यक होतं. पिठलं-भात वाढून झाला, लोक पंगतीला बसले.

आणि तेवढ्यात फाट्याकडून जीप आली.

जीपला माणसं लटकलेली होती, सगळं माहेरचं गाव. मामाने ती घरापासून जरा दूरच थांबवली आणि तो पायी आला, खाली मान घालून, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी धरून. अंगणातलं हसणं एका क्षणात थांबलं. त्या शांततेचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला. ओट्याच्या पायरीवर डोकं टेकवून तो खालीच बसला.

"बाई वो…" त्याने हंबरडा फोडला. "मायसारखं जपलं वो तू मले… तापात पडली होती, मी फाट्यावर बसून राह्यलो वो… तुही गाडी गेली माह्या डोळ्यासमोरून, मी तोंड फिरवलं वो… वीस कायचे, पाच देले असते तरी याले पाहिजे होतं मले…"

आई त्याच्यापासून दोन हातांवर, दारात उभी होती. कोणी बोलायला गेलं तर तिने हात वर करून गप्प केलं. तो रडत होता, लहानपणी तिने त्याला तळ्यातून कसं ओढून काढलं ते सांगत होता, आणि ती ऐकत होती, एकेक शब्द. दोन वर्षं वाट पाहिलेली माझी आई ते मध्येच थांबवणार नव्हती. तो दमून थांबला तेव्हा ती म्हणाली, "थांबला काऊन? बोल नं अजून."

मामाने मान वर केली. आधी त्याने तिचे पाय धरले, घट्ट, खरे आहेत का ते बघावं तसे. मग त्याला आजूबाजूची पंगत दिसली, तांदळाचं पोतं दिसलं, पदरात तोंड लपवून हसणाऱ्या बायका दिसल्या. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मले आणायसाठी केलं हे?" तो वडिलांकडे वळून म्हणाला. "भाऊजी, मयताचं सोंग केलं? माही शपथ हाय. वीस देल्याशिवाय मी या घरात पाय ठेवत नसतो." आणि तो उठून जीपकडे चालायला लागला.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे विरलं. तिने त्याला हाक मारली नाही. तिने वडिलांकडे बघितलं. मला वाटलं, आता जर हे वाऱ्याबद्दल किंवा म्हशींबद्दल बोलले तर मीच त्यांना पोत्यात भरीन.

"वीस," वडील म्हणाले.

मामा थांबला.

"आज वीस दिले. बरोबर वीस."

सगळ्या गावात लाईट नव्हती. ओट्यावरचा दिवा विझलेला होता, पंखा थांबलेला होता. मामा त्याच पंपावर डिझेल भरायचा, लाईट नसली की तिथे थेंब मिळत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याने विझलेल्या दिव्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. वडिलांचे कान लाल झाले होते. त्यांच्या तोंडून मी तोवर चुकीचा आकडा कधी ऐकला नव्हता.

"मोजलं तुमी, भाऊजी?"

"मोजलं."

"मंग ठीक हाय," मामा म्हणाला, आणि चपला काढून ओटा चढून घरात आला.

आत आल्यावर त्याला हातातल्या गुंडाळीची आठवण झाली. तो ती पाठीमागे लपवायला लागला. "का हाय ते?" आईने विचारलं. काकूंनीच हळूच सांगितलं. सवाष्ण बाई गेली की तिला शेवटचं पातळ माहेरचं नेसवतात आणि ते भावाने आणायचं असतं. "ते हाती घेऊ नका, बाई," काकू म्हणाल्या. "अपशकुन असते. नदीत सोडून या."

आईने मामाच्या हातातून ती गुंडाळी ओढून घेतली आणि खोलीत जाऊन दार लावलं. ती आली तेव्हा हिरवं पातळ नेसून आली होती, घड्या अजून मोडल्या नव्हत्या, पदर फुगून राहिला होता. बायकांनी तोंडावर हात ठेवले. मामा खाली बघत होता.

आई त्याच्या समोर जाऊन बसली आणि तिने त्याची हनुवटी धरून मान वर केली.

"नेसवाले आला होता ना?" ती म्हणाली. "मंग पाह्य आता. कशी दिसते मी?"